चाचणीचा निकाल तिसऱ्या दिवशी लागतो

सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या ४४ वर्षांच्या भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात: "सहा वर्षांपासून माझी मान, खांदे, कंबर, मांड्या, अगदी तळहातसुद्धा दुखतात. रक्ताच्या तपासण्या झाल्या, एक्स-रे झाले, एमआरआय झाला. काही निघाले नाही. तीन वर्षांपूर्वी संधिवाताच्या डॉक्टरांनी फायब्रोमायल्जियाचे, म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याच्या आजाराचे, निदान केले आणि गोळ्यांबरोबर व्यायाम करा असे सांगितले. यंदा जूनमध्ये घराजवळच्या जिममध्ये नाव घातले. पहिल्याच दिवशी त्यांनी फिटनेस टेस्ट घेतली. टिकटिक आवाजाच्या तालावर पायरीवर चढ-उतार, मग जोर, बैठका, आणि शेवटी वाकून पायाच्या बोटांना हात लावायचा. जो कागद मिळाला त्यावर दम आणि ताकद यांपुढे 'अतिशय कमी' आणि लवचिकतेपुढे 'उत्तम' असे छापले होते. दुसऱ्या दिवशी कशीबशी शाळेत गेले, तिसऱ्या दिवशी उठताच येईना, चार दिवस रजा टाकावी लागली. सासूबाई म्हणाल्या, 'अंगाला सवय नाही, दुसरे काय?' यजमान काही बोलले नाहीत, पण तो कागद त्यांनीही वाचला आहे. माझ्यासारखीची क्षमता मोजता येते का, की मोजण्यात अर्थच नाही? आणि मी खरोखर आळशी आहे का?"

सस्नेह नमस्कार,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिले दोन प्रश्न त्याच्याच पोटातून आले आहेत असे मला वाटते. तुम्ही आळशी नाही. सहा वर्षे दुखत्या अंगाने रोज फळ्यापुढे उभी राहणारी बाई आळशी असू शकत नाही, आणि हे मी केवळ समजूत घालण्यासाठी म्हणत नाही. त्याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. जिमच्या कागदाने जे मोजले असे तो सांगतो, ते त्याने मोजलेलेच नाही. क्षमता मोजता मात्र नक्की येते आणि ती मोजावी असे माझे ठाम मत आहे. फिजिओथेरपिस्ट म्हणून दीर्घकाळ दुखणे सोसणाऱ्या बायकांच्या नोंदी ठेवताना जी गोष्ट मला सर्वांत उशिरा उमगली, ती तुम्हाला सर्वांत आधी सांगते: अशा दुखण्यात चाचणीचा निकाल स्टॉपवॉच थांबते तेव्हा लागत नाही, तो तिसऱ्या दिवशी लागतो. तुमच्या चार दिवसांच्या रजेची नोंद त्या कागदावर कुठेही नाही, आणि माझ्या दृष्टीने त्या चाचणीतील सर्वांत महत्त्वाचा आकडा तोच होता.

त्या दिवशी काय झाले ते आधी पाहू. तुम्ही केलेल्या वर्णनावरून पायरीची चाचणी बहुधा प्रचलित पद्धतीची असावी: १२ इंच उंचीची पायरी, मेट्रोनोम या टिकटिक करून ताल देणाऱ्या यंत्राचे मिनिटाला ९६ ठोके, त्या तालावर मिनिटाला २४ वेळा चढ-उतार, असे सलग तीन मिनिटे, आणि लगेच खाली बसवून पूर्ण एक मिनिट नाडीची मोजणी. या चाचणीमागचे गृहीतक असे, की नाडी जितकी जास्त तितका हृदयाचा आणि फुप्फुसांचा दम कमी. निरोगी माणसाच्या बाबतीत ते बऱ्यापैकी चालते. परंतु रात्री चार वेळा जाग आलेली, परक्या जागी अनोळखी ट्रेनरसमोर धास्तावलेली आणि गुडघ्यात कळ येत असताना ती चेहऱ्यावर दिसू न देण्यासाठी धडपडणारी बाई पायरीवर चढते तेव्हा तिची नाडी दमामुळे वाढली की दुखण्यामुळे, हे त्या आकड्यावरून कोणालाही सांगता येणार नाही. औषधांचाही परिणाम असतो. फायब्रोमायल्जियात वारंवार दिल्या जाणाऱ्या ॲमिट्रिप्टिलिनने नाडी वाढू शकते, तर अर्धशिशीसाठी कोणी प्रोप्रॅनोलॉल घेत असेल तर ती दबून राहते. तुम्ही कोणत्या गोळ्या घेता हे त्या दिवशी कोणी विचारले होते का? पत्रात तसा उल्लेख नाही, त्यामुळे विचारले नसावे असे मी धरते.

आता थोडे आजाराविषयी लिहिते, कारण मोजमाप कसे करायचे हे त्यावरूनच ठरते. १९९० साली अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संस्थेने फायब्रोमायल्जियाचे निकष ठरवले तेव्हा शरीरावरील ठराविक १८ जागांवर अंगठ्याने सुमारे चार किलोचा दाब द्यायचा आणि त्यांपैकी ११ जागी दुखले तर निदान करायचे, अशी रीत होती. २०१० साली ही दाबून पाहण्याची अट त्यांनी काढून टाकली. त्याऐवजी शरीराच्या १९ भागांपैकी किती भागांत दुखते, झोप कशी लागते, थकवा किती आहे आणि विसरभोळेपणा किती वाढला आहे, हे रुग्णाला विचारून मोजायला सुरुवात झाली. २०१६ च्या सुधारणेतही हाच गाभा कायम आहे. म्हणजे ज्या तज्ज्ञांनी आधी रुग्णाच्या अंगावर दाब देऊन खात्री करून घेतली, त्यांनीच वीस वर्षांनी रुग्णाच्या शब्दाला निदानाच्या केंद्रस्थानी आणले. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपणात दुखणे सांगणाऱ्याच्या सांगण्याचा आदर केला पाहिजे असे स्पष्ट नोंदवले. सासूबाईंना हे वाचून दाखवावे असे मी म्हणत नाही. तुमच्या स्वतःच्या मनात ते पक्के असावे, एवढेच म्हणते.

तुमच्या स्नायूंमध्ये फाटलेले, सुजलेले किंवा झिजलेले काही सापडत नाही, आणि तरी दुखते, याचा अर्थ दुखणे खोटे आहे असा होत नाही. शरीराकडून येणारे संदेश मेंदू आणि मज्जारज्जू ज्या रीतीने हाताळतात, त्या हाताळणीतच बदल झालेला असतो. साधा स्पर्श, थोडा ताण, जरा जास्त चाललेली वाट यांचे रूपांतर ठणक्यात होते. या गोष्टीचे दोन परिणाम तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेले आहेत. पहिला असा, की योग्य रीतीने घेतलेल्या चाचणीत दुखले म्हणून स्नायूला इजा झाली असे सहसा नसते, त्यामुळे चाचणीला घाबरून कायमचे दूर राहण्याचे कारण नाही. दुसरा असा, की श्रम आणि दुखणे यांच्यात अंतर पडते. श्रम सोमवारी होतात आणि अंग बुधवारी मोडून येते. ज्या मोजमापात बुधवार धरलेला नाही ते मोजमाप अर्धे आहे.

मग तुमच्यासाठी कोणत्या चाचण्या योग्य? स्पेनमधील ग्रानादा विद्यापीठातील संशोधकांनी आंदालुसिया प्रांतातील फायब्रोमायल्जिया असलेल्या बायकांचा मोठा अभ्यास केला, त्याला ते अल-आंदालुस प्रकल्प म्हणतात. त्यांनी जी चाचणीमाला वापरली ती मुळात वृद्धांसाठी तयार झालेली आहे. कॅलिफोर्नियातील फुलरटन येथील रिकली आणि जोन्स या दोन संशोधिकांनी ती १९९९ च्या सुमारास मांडली. खुर्चीतून उठणे-बसणे, हलके वजन कोपरात उचलणे, खुर्चीत बसून पायाच्या अंगठ्याकडे हात नेणे, पाठीमागे दोन्ही हात एकमेकांकडे नेणे, उठून आठ फूट चालून वळून परत येणे आणि सहा मिनिटे चालणे, अशी तिची रचना आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी वृद्धांची चाचणी, असे वाचून तुम्हाला कदाचित वाईट वाटेल. तसे वाटून घेऊ नका. या चाचण्यांत सहभागी व्यक्तीला शेवटच्या टोकापर्यंत ताणत नाहीत, आणि रोजच्या जगण्यातल्या हालचालीच त्यांत मोजल्या जातात, म्हणून त्या निवडल्या जातात. धावण्याच्या यंत्रावर अगदी थकून थांबेपर्यंत धावायला लावले तर अशा अनेक बायका हृदयाचा दम संपण्याच्या आधीच पायांच्या दुखण्याने थांबतात, आणि मग जो आकडा मिळतो तो हृदयाचा नसून पायांचा असतो. या अभ्यासांतून इतके दिसले आहे, की अशा बायकांची क्षमता त्याच वयाच्या निरोगी बायकांपेक्षा सरासरीने कमी भरते, आणि त्यांच्यातही ज्यांची क्षमता जास्त असते त्यांच्या दुखण्याची तीव्रता कमी आढळते. क्षमता वाढली म्हणून दुखणे कमी झाले, की दुखणे कमी म्हणून क्षमता टिकली, हे केवळ एवढ्यावरून ठरवता येत नाही. परंतु मोजण्यात अर्थ आहे, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

खुर्चीची चाचणी मला स्वतःला सर्वांत जास्त सांगते, म्हणून तिच्याविषयी जरा विस्ताराने लिहिते. साधी, हात नसलेली, सुमारे ४३ सेंटिमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, म्हणजे ती मागे सरकत नाही. दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवून, पाय जमिनीवर सपाट टेकवून, पूर्ण सरळ उभे राहायचे आणि पुन्हा बसायचे. ३० सेकंदांत असे किती वेळा होते ते मोजायचे. माझ्याकडे शिवणकाम करणाऱ्या एक बाई येत असत, त्यांची पहिली चाचणी माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. पहिल्या तीन वेळा त्या सरळ उठल्या. चौथ्या वेळी उजवा हात छातीवरून सुटून मांडीवर टेकला, आणि चोरी पकडली गेल्यासारखा त्यांनी तो झटकन परत वर नेला. सहाव्या वेळी त्यांनी श्वास रोखला, ओठ दाबले, उठताना सगळा भार डाव्या पायावर गेला. आठ झाल्यावर त्या थांबल्या. मी विचारले, "दम लागला का?" त्या म्हणाल्या, "दम नाही हो, मांड्यांत आग होतेय." माझ्या वहीत आठ हा आकडा होता, पण त्यापुढचे हे दोन शब्द आणि चौथ्या वेळचा हात हीच त्या दिवसाची खरी नोंद होती. तिसऱ्या दिवशी मी त्यांना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, की परवापासून मशिनवर बसलेच नाही. बारा आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेतली तेव्हा आकडा नऊ आला. एकाने वाढलेला आकडा म्हणजे सुधारणा असे मी म्हणत नाही, कारण एक-दोनचा फरक तर दिवसागणिक पडतो. पण त्या वेळी तिसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा त्यांनी दोन ब्लाऊज शिवून दिले होते. तुमची क्षमता वाढते आहे का, हे असे पाहायचे असते.

तुलनेसाठी म्हणून सांगते, अमेरिकेतील ६० ते ६४ वयोगटातील बायकांमध्ये या चाचणीचा सर्वसाधारण पल्ला १२ ते १७ असा आहे. तुमचा आकडा त्याखाली आला तर खचून जाऊ नका. तो पल्ला तुमच्या आजाराच्या बायकांवर बेतलेला नाही आणि आपल्याकडच्या बायकांवरही नाही. तुमची तुलना तीन महिन्यांपूर्वीच्या तुमच्याशी करायची आहे.

सहा मिनिटे चालण्याची चाचणी तुम्हाला शाळेतच करता येईल, कारण तुमच्याकडे रुग्णालयांनाही सहज मिळत नाही अशी गोष्ट असणार: लांब, सपाट, सावलीतला व्हरांडा. मोजपट्टीने ३० मीटर मोजून दोन्ही टोकांना खडूने रेघ मारा, आणि सुट्टीच्या वेळेत, मुले नसताना, एखाद्या सहकारी बाईंना हातात घड्याळ धरून उभे करा. आधी दहा मिनिटे शांत बसा. मग बोलत नाही, धावत नाही, जमेल तितक्या वेगाने सहा मिनिटे फेऱ्या मारा. दम लागला किंवा दुखले तर थांबायला, भिंतीला टेकायला पूर्ण मुभा आहे. घड्याळ मात्र चालूच राहते. संपल्यावर किती मीटर झाले ते लिहा, नाडी लिहा, आणि त्यानंतर दोन वेगवेगळे आकडे लिहा. एक श्रमाचा: स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी तयार केलेल्या पट्टीवर ६ म्हणजे अजिबात श्रम नाहीत आणि २० म्हणजे याहून जास्त शक्यच नाही. दुसरा दुखण्याचा: ० ते १० मध्ये किती, आणि कुठे. हे दोन आकडे कधीही एकत्र करू नका. श्रम ११ आणि दुखणे ८ असे लिहिणारी बाई आणि श्रम १७ व दुखणे ३ असे लिहिणारी बाई समजा दोघीही ३६० मीटर चालल्या, तरी त्यांना द्यायचा व्यायाम अगदी वेगळा असतो. पहिलीचा दम अजून शिल्लक आहे, तिला दुखणे अडवते. दुसरीचा दमच वाढवायला हवा. शिवाय पहिल्या खेपेला माणूस बिचकत चालतो, दुसऱ्या खेपेला नुसत्या सरावाने अंतर वाढते, त्यामुळे आठवड्याच्या अंतराने दोनदा चालून दुसरा आकडा सुरुवातीचा धरावा.

ही चाचणी करण्यापूर्वी बसल्या जागी रक्तदाब आणि नाडी पाहून घ्या. वरचा रक्तदाब १८० च्या किंवा खालचा १०० च्या वर असेल, अथवा नाडी मिनिटाला १२० च्या वर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू नका. छातीत दुखणे, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप यांपैकी काही जाणवले तर मध्येच थांबा आणि त्याच दिवशी दाखवा. ते फायब्रोमायल्जियाच्या खात्यावर टाकू नका.

हाताच्या पकडीसाठी डायनॅमोमीटर नावाचे उपकरण असते, ते फिजिओथेरपी विभागात मिळेल. कोपर काटकोनात ठेवून जोराने मूठ आवळायची आणि किलोत आकडा वाचायचा. आशियाई देशांतील तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली वयस्क बायकांसाठी १८ किलोपेक्षा कमी पकड ही क्षीण धरावी असे ठरवले आहे. तुमचे तळहात दुखतात, तेव्हा आकडा कमी आला तर तो अशक्तपणामुळे की आवळताना कळ आली म्हणून हात आपोआप सैल पडल्यामुळे, हे मोजणाऱ्याने विचारून लिहिलेच पाहिजे. घरातली चाचणी म्हणाल तर कुकरचे झाकण आणि पिळायची चादर याही गोष्टी बरेच सांगून जातात.

आता त्या 'उत्तम' शेऱ्याविषयी. मला त्या कागदावरचा सर्वांत जास्त खटकलेला शब्द तोच आहे. पायांच्या बोटांना सहज हात लागणे हे प्रत्येक वेळी निरोगीपणाचे लक्षण नसते. काही बायकांचे सांधे जन्मतःच जास्त सैल असतात, आणि अशा सैल सांध्यांना धरून ठेवण्यासाठी स्नायूंना दिवसभर जास्त राबावे लागते. त्यांतल्या कित्येकींना दीर्घकाळचे दुखणे असते. तुमची करंगळी मागे ९० अंशांपलीकडे वळते का, अंगठा मनगटाच्या आतील बाजूला टेकतो का, कोपर आणि गुडघा सरळ रेषेच्या पलीकडे मागे जातात का, आणि गुडघे न वाकवता तळवे जमिनीला टेकतात का, हे फिजिओथेरपिस्टकडून एकदा पाहून घ्या. याला बायटन गुणांक म्हणतात. तो ९ पैकी असतो आणि प्रौढांत ५ किंवा अधिक आल्यास सांधे सैल असल्याचा संशय घेतात. तसे असेल तर तुम्हाला आणखी ताण देण्याचे व्यायाम नकोत, ताकदीचे हवेत. 'लवचिकता उत्तम' असे छापून तो विषय मिटवणारा कागद तुम्हाला नेमक्या उलट दिशेला पाठवू शकला असता.

मोजण्याआधी काही तपासण्या पुन्हा करून घ्याव्यात असे मला वाटते, जरी तुमच्या तपासण्या एकदा झाल्या असल्या तरी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे दर दोघींत एक. हिमोग्लोबिन ९ असलेल्या बाईला पायरीवर चढवून तिच्या दमाला नावे ठेवणे हा अन्याय आहे. तिला आधी लोहाची गरज आहे. थायरॉइड, साखर आणि ड जीवनसत्त्व यांचेही तसेच. ड जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेने मांड्यांचे स्नायू दुबळे होतात आणि जिना चढणे, खालून उठणे जड जाते, ते हुबेहूब तुमच्या लक्षणांसारखे दिसू शकते. सकाळी बोटे तासाहून जास्त वेळ आखडलेली राहत असतील, सांध्याला डोळ्यांना दिसेल अशी सूज असेल, ताप येत असेल किंवा वजन कारणाशिवाय उतरत असेल, तर कोणतीही चाचणी नको; आधी संधिवाताच्या डॉक्टरांना पुन्हा भेटा. एका व्यक्तीला फायब्रोमायल्जिया आणि संधिवात दोन्ही असू शकतात, आणि पहिल्याचे लेबल लागले की दुसऱ्याकडे दुर्लक्ष होते, हे मी पाहिले आहे.

तिसऱ्या दिवसाची नोंद कशी ठेवायची ते सांगते. चाचणीच्या आधीच्या तीन दिवसांत रोज रात्री दुखण्याचा आकडा, झोपेचे तास आणि दिवसभरात काय काय केले याची एक ओळ लिहा. चाचणीच्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशीही तसेच लिहा. दुखणे एक-दोन अंकांनी वाढून दिवस-दीड दिवसात पूर्वपदावर आले तर तितके श्रम तुमच्या अंगाने पचवले असे समजा. त्याहून जास्त वाढले, किंवा तिसऱ्या दिवशीही उतरले नाही, तर चाचणी जड झाली. पुढच्या वेळी तीन गोष्टींऐवजी एकच करा. दुखण्यापेक्षाही, थोड्याशा श्रमानंतर दर वेळी दिवसेंदिवस सर्वांगातील त्राण जाणे, डोके सुन्न होणे, झोपूनही ताजेपणा न येणे असा प्रकार असेल, तर ते वेगळ्या थकव्याच्या आजाराचे लक्षण असू शकते आणि डॉक्टरांना ते स्वतंत्रपणे सांगायला हवे. त्या आजारात ठरलेल्या पायऱ्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा सल्ला ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ साली मागे घेतला आहे. तुमच्या एका अनुभवावरून मी तसे निदान करत नाही. पण ही शक्यता तुमच्या फिजिओथेरपिस्टने मनात ठेवली पाहिजे.

पाळीच्या आधीचे दिवस, परीक्षेच्या पेपर तपासणीचे दिवस, पाहुण्यांची वर्दळ, हे सगळे आकड्यांत उतरते. म्हणून दर खेपेस चाचणी दिवसाच्या त्याच वेळी, त्याच गोळ्यांवर, पाळीच्या साधारण त्याच टप्प्यावर घ्यावी. अगदी चांगला दिवस निवडू नका आणि अगदी वाईटही नको. तुमचा नेहमीचा मध्यम दिवस निवडा.

आणि हे मोजून करायचे काय? युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने फायब्रोमायल्जियाच्या उपचारांचा आढावा घेऊन २०१६ साली ज्या शिफारशी केल्या, त्यांत सर्वानुमते ठाम म्हणावी अशी शिफारस एकाच उपायाची आहे, ती व्यायामाची. तुमच्या डॉक्टरांचा सल्ला बरोबरच होता. फक्त त्याचे प्रमाण कोणी सांगितले नाही. तुम्ही चाचणीत सहा मिनिटांत समजा ३६० मीटर चाललात, म्हणजे मिनिटाला ६० मीटर, तर रोजच्या चालण्याची सुरुवात त्याहून कमी वेगाने, पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्या सावकाश, पाच-सहा मिनिटांपासून करा. खुर्चीतून आठ वेळा उठता आले तर व्यायाम म्हणून चार वेळा उठा, दिवसातून दोनदा, एक दिवसाआड. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते, आणि अजिबात न करण्यापेक्षा थोडे करणे चांगले असेही सांगते. तूर्त तुम्ही या दुसऱ्या वाक्यापुरतेच पाहा. अंग हलके वाटले त्या दिवशी सगळी कपाटे काढून बसायची आणि मग दोन दिवस पडून राहायचे, ही जी आपल्या सगळ्यांची रीत आहे, तीच इथे सर्वांत घातक ठरते. चांगल्या दिवशीही ठरलेल्यापेक्षा जास्त करू नका. आठ ते बारा आठवड्यांनी पुन्हा मोजा. बहुतेक वेळा आधी चालण्याचे अंतर आणि तिसऱ्या दिवसाची नोंद सुधारते, दुखण्याचा आकडा मागाहून हलतो, हे ठाऊक असले की अधल्यामधल्या काळात धीर सुटत नाही.

सासूबाईंच्या वाक्याचा मला राग आला नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ पासून संधिवाताच्या तज्ज्ञांनी घरोघर जाऊन हाडा-सांध्यांच्या दुखण्याची मोठी पाहणी केली, तिच्यात दुखणे सांगणाऱ्यांत बायका जास्त निघाल्या. त्या पिढीतील कित्येकींनी दुखत्या अंगानेच शेत आणि घर केले, त्यांचे दुखणे कोणी विचारले नाही, आणि न विचारलेल्या गोष्टीला नाव नसते. त्यांना वाद घालून पटवू नका. खुर्चीच्या चाचणीच्या वेळी घड्याळ यजमानांच्या हातात द्या आणि मोजणी सासूबाईंना करू द्या. चौथ्या वेळी तुमचा हात मांडीवर गेला तर तो त्यांना दिसेल.

चाचणीसाठी शुक्रवार निवडा, म्हणजे दुसरा दिवस अर्ध्या शाळेचा शनिवार आणि तिसरा दिवस सुट्टीचा रविवार येईल. जिमचा कागद कपाटात ठेवून द्या आणि नवी वही काढा. रविवारी रात्री तिच्यात जे लिहाल, त्याची प्रत तुमच्या फिजिओथेरपिस्टला दाखवा आणि जमल्यास मलाही पाठवा. आकड्यांबरोबर त्या दिवशी चहा कोणी केला, तेही लिहा.